घात सगळ्यांची एकाच दिवशी: सामायिक ट्रॅक्टरच्या गटात जाण्याआधी

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, कामरगावच्या शिवारात ज्याचं पाच एकर वावर आहे त्याच्यापुढे ट्रॅक्टरच्या बाबतीत तीन वाटा असतात. स्वतःचा घ्यायचा, दुसऱ्याचा भाड्याने लावायचा, नाहीतर आठ-दहा जणांनी मिळून एक घ्यायचा आणि पाळीने वापरायचा. तिसरी वाट कागदावर इतकी शहाणपणाची दिसते की सभेत तिला कुणी विरोधच करत नाही. अनुदान आहे, खर्च वाटला जातो, शेडमध्ये यंत्र उभं राहतं. फोटो निघतो. खरा प्रश्न उभा राहतो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस पडून उघडीप झाल्यावर, जेव्हा दहाही जणांचे फोन एकाच सकाळी ड्रायव्हरला जातात.

आधी पैशाचं बघू, कारण गटाची बाजू तिथेच भक्कम आहे. ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर आठ लाखांचा आणि त्याच्यासोबत पलटी नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र मिळून दोन लाखांचं, असे दहा लाख धरू. दहा वर्षांनी एक लाख किंमत उरेल असं मानलं तर वर्षाचा घसारा ९० हजार. गुंतलेल्या रकमेची सरासरी साडेपाच लाख, तिच्यावर दहा टक्क्यांनी व्याज ५५ हजार. विमा आणि शेडचे दहा हजार. म्हणजे ट्रॅक्टरची किल्ली फिरवली नाही तरी वर्षाला १ लाख ५५ हजार रुपये जातात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत, पण हिशोबाची रीत हीच.

आता तास मोजू. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी आणि रब्बीची मशागत धरून एकरी वर्षाला सहा तास लागतात असं समजलं तर पाच एकरांना ३० तास. वाहतूक वगैरे आणखी २० तास. एकूण ५०. एक लाख पंचावन्न हजाराला पन्नासने भागा: तासाला ३,१०० रुपये, तेही डिझेल आणि ड्रायव्हर सोडून. कृषी अभियांत्रिकीतला रूढ हिशोब ट्रॅक्टर वर्षाला हजार तास चालेल असं धरतो. पाच एकरांवर त्यातले पन्नास होतात. म्हणूनच गावात ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याचा तो सहसा फक्त स्वतःच्या वावरासाठी नसतो, तो भाड्याचा धंदा असतो. नुसता दारात ट्रॅक्टर उभा असावा म्हणून घेतलेल्यांचीही उदाहरणं प्रत्येक गावात असतात. त्यांचे हप्ते कशातून गेले ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सरासरी शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, हे सांगायला आणखी पुराव्याची गरज नाही.

तेच यंत्र आठ जणांत घेतलं तर? प्रत्येकी ५० तास धरून ४०० तास होतात आणि स्थिर खर्च तासाला ३,१०० वरून ३९० च्या खाली येतो. बारा जण झाले तर ६०० तास, म्हणजे तासाला साधारण २६० रुपये. या आकड्यांकडे जरा थांबून बघावं. पहिल्या आठ जणांनी तासामागे सत्तावीसशे रुपये वाचवले. नवव्यापासून बाराव्यापर्यंतच्या चौघांनी मिळून वाचवले ते जेमतेम १३०. गट बांधणारे मात्र सभेत म्हणतात, “अजून चार जण घ्या, खर्च कमी पडेल.” खर्च कमी पडेल हे खरं आहे. पण ते चौघे पेरणीच्या दिवशी रांगेत उभे राहतील त्याची किंमत या १३० रुपयांत कुठेच धरलेली नाही.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा पाऊस झाला की लगेच पेरता येतं असंही नाही. काळ्या जमिनीत चिखल असताना ट्रॅक्टर घातला तर चाकांखाली माती दाबली जाते, फण चिखलाने भरतात, बी नीट पडत नाही. वाफसा यावा लागतो. आला की वरचा थर उन्हाने भराभर सुकायला लागतो, किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ भरून येतं. या दोन्हींच्या मधले जे तीन-चार दिवस मिळतात ती घात. सोयाबीनच्या पट्ट्यात अख्ख्या गावाला एकच पीक पेरायचं असतं, त्यामुळे ही घातही सगळ्यांची एकच.

चार ओळींचं बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरीचं पेरणीयंत्र, तासाला साधारण एक एकर उरकतं. बियाण्याची पेटी भरणं, खत टाकणं, एका धुऱ्यावरून दुसऱ्या वावरात जाणं, मध्ये कुणाच्या तरी फाटकाची किल्ली शोधणं, हे सगळं धरून दिवसाला दहा एकर झाले तर काम चोख झालं म्हणायचं. घात चार दिवसांची असेल तर चाळीस एकर, पाच एकरवाले आठ जण. त्यात बारा घेतले तर वीस एकर घातीच्या बाहेर पडले. ते कुणाचे, यावर गट टिकतो किंवा मोडतो. म्हणून माझा आग्रह असा की सभासद किती असावेत हे बँकेच्या हप्त्यावरून ठरवू नये. यंत्र दिवसाला किती एकर उरकतं गुणिले घातीचे दिवस, एवढ्यावरून ठरवावं. तास कमी पडत असतील तर ते उन्हाळ्यातल्या नांगरणीत, वाहतुकीत, गटाबाहेरच्यांना भाड्याने देऊन भरून काढावेत. पेरणीच्या रांगेत माणसं वाढवून नव्हे.

भाड्याची वाट यापेक्षा बरी का नाही? दहा महिने ती बरीच आहे. फेब्रुवारीत नांगरणी करायची असेल तर ट्रॅक्टरवाला स्वतः घरी येऊन विचारतो. घातीत मात्र तो आधी स्वतःचं वावर पेरतो, मग भावाचं, मग ज्याच्याकडे एकाच ठिकाणी वीस एकर आहेत त्याचं, कारण तिथे यंत्र हलवावं लागत नाही. पाच एकरवाल्याला तो “येतो भाऊ, उद्या नक्की” म्हणतो, आणि त्यात त्याची लबाडी नसते. त्याच्याही दिवसाला दहाच एकर आहेत. गटात पैसे घालून शेतकरी विकत घेतो ती या रांगेतली स्वतःची पक्की जागा. जागा पक्की नसेल तर गट आणि भाड्याचा ट्रॅक्टर यांत फरक एवढाच की गटात पैसे आधी गेलेले असतात.

हा पेच फक्त शेतीचा नाही. अमेरिकेत, फ्लोरिडात १९८९ साली सुरू झालेल्या फ्रीडम बोट क्लबने बोटींच्या सामायिक सभासदत्वाचा मोठा व्यवसाय उभा केला: प्रवेशशुल्क भरा, दरमहा वर्गणी द्या, धक्क्यावर या आणि बोट घेऊन जा; नांगरून ठेवणं, दुरुस्ती, विमा सगळं क्लबकडे. वर्षात चार-सहा वेळाच पाण्यावर जाणाऱ्या माणसाला स्वतःची बोट पाळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पण त्या सगळ्यांना बोट हवी असते ती उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी. तिथला शहाणा गिऱ्हाईक वर्गणीच्या आधी दोन गोष्टी विचारतो: एका बोटीमागे सभासद किती, आणि सुट्टीच्या दिवसाचं आरक्षण किती आधी करता येतं. कामरगावात विचारायचे प्रश्न हेच आहेत, फक्त आपला रविवार आभाळ ठरवतं.

आपल्याकडे सावड होती. एकेक बैल असलेले दोघे एकत्र येऊन जोडी करायचे, आज तुझं वावर, उद्या माझं. इर्जिकीत गावातले औतवाले एकाच्या वावरात उतरायचे आणि जेवण त्याच्या घरी. लोक तेव्हा फार भले होते म्हणून सावड टिकली असं आता सांगितलं जातं, मला ते तितकंसं पटत नाही. रांग दोघांचीच होती, हे कारण मला जास्त पटतं. चुकलीच पाळी तर एक-दोन दिवसांनी चुकायची. शिवाय फसवणूक केली तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या बैलाशेजारी आपला बैल जुंपायचा होता.

युरोपात ट्रॅक्टर महाग आणि शेतं लहान होती तेव्हा दोन वेगळ्या रीती निघाल्या आणि दोन्ही आजवर चालू आहेत. फ्रान्समध्ये १९४५ पासून ‘क्युमा’ या नावाच्या सहकारी संस्था आहेत. यंत्र संस्थेचं, वापर सभासदांचा. त्यांचा एक नियम आपल्याकडच्या गटांनी जसाच्या तसा घ्यावा असा आहे. सभासद होताना प्रत्येकजण लिहून देतो की पुढची काही वर्षं या यंत्राने माझी इतकी हेक्टर जमीन करीन, आणि त्याच प्रमाणात भाग विकत घेतो. ज्याने वर्षात यंत्र वापरलंच नाही त्यालाही त्याचा वाटा भरावा लागतो. त्यामुळे “यंदा मी भाच्याचा ट्रॅक्टर लावला, माझे पैसे नका धरू” हा विषयच निघत नाही.

जर्मनीतली रीत उलटी. १९५८ साली बव्हेरियातल्या बुखहोफेन गावात एरिश गायर्सबर्गर यांनी पहिलं ‘मशीनेनरिंग’, म्हणजे यंत्रमंडळ, उभं केलं. यंत्रं ज्याची त्याचीच राहतात. मंडळ फक्त कुणाकडे काय मोकळं आहे याची नोंद ठेवतं, दर ठरवतं आणि पैसे वळते करतं. एकाकडे नांगर, दुसऱ्याकडे मळणीयंत्र, तिसऱ्याकडे फवारणीचा पंप. जिथे गावात आधीच सहा-सात ट्रॅक्टर आहेत तिथे आणखी एक सामायिक घेण्यापेक्षा ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते. अडचण एवढीच की अनुदान नव्या यंत्राला मिळतं, वही ठेवणाऱ्या माणसाला मिळत नाही.

अनुदानाचं थोडक्यात. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून आहे, त्यातून भाडेतत्त्वावरची अवजारे केंद्रं आणि गावपातळीवरच्या अवजारे बँका यांना मदत मिळत आली. राज्याचा, जागतिक बँकेच्या कर्जावरचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या पंधरा जिल्ह्यांत वाशीम होता; शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या अवजारे बँका त्यातूनही उभ्या राहिल्या. टक्केवारी आणि अटी बदलत राहतात, त्या तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयातच विचाराव्यात. अनुदानाने एक गोष्ट मात्र नेहमी बिघडते. फुकटात आलेल्या भागाचा घसारा कुणी धरत नाही. दहा लाखांपैकी सहा-सात लाख सरकारने दिले म्हणून गट तासाचा दर नुसत्या डिझेल-ड्रायव्हरवर ठेवतो आणि सभासद खूश असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी क्लच जातो, टायर बदलायची वेळ येते, खात्यावर काही नसतं. वरच्या उदाहरणात ९० हजार घसारा ४०० तासांवर वाटला तर तासाला सव्वादोनशे रुपये निव्वळ पुढच्या यंत्रासाठी बाजूला पडायला हवेत. गटात जाण्याआधी दरपत्रक मागावं, आणि त्यात हा आकडा कुठे आहे ते बोट ठेवून विचारावं. नसेल तर दर स्वस्त आहे असं समजू नये.

आता यंत्र एकदा जवळून बघा. बीबीएफची कल्पना १९७० च्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेत, काळ्या जमिनीसाठीच आकाराला आली: वरंब्यावर पीक, दोन्ही बाजूंच्या सरीतून जादा पाणी निघून जातं, खंड पडला तर ओल टिकते. तिरप्या चकतीच्या पेरणीयंत्रात बियाण्याच्या पेटीत पिकागणिक वेगळी चकती बसते, सोयाबीनची वेगळी, तुरीची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. चकत्या हातात मावणाऱ्या. सामायिक यंत्रातून सगळ्यात आधी हरवतात त्या ह्याच. कुणीतरी तुरीची चकती काढून धुऱ्यावर ठेवतो, दुसऱ्या दिवशी यंत्र तिसऱ्याच वावरात गेलेलं असतं, आणि हरभऱ्याच्या वेळी लक्षात येतं की डब्यात दोन चकत्या कमी आहेत. दुसरं दुखणं खताचं. शेवटच्या वावरात पेटीत राहिलेलं रासायनिक खत ओल धरून दगड होतं, नळ्या बुजतात, पत्रा गंजतो. पेटी रिकामी करून झटकायला दहा मिनिटं लागतात. पण संध्याकाळ झालेली असते आणि यंत्र उद्यापासून आपलं नसतं.

यावर उपाय साधा आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी टाळला जातो: यंत्रासोबत एकच पगारी ड्रायव्हर. सभासदाचा मुलगा नाही, ज्याची पाळी तो नाही. चकत्यांचा डबा, ग्रीसगन, वही, तिन्ही त्याच्या ताब्यात. वहीत सुरुवातीचा आणि शेवटचा मीटर, एकर आणि टाकीत घातलेलं डिझेल. मीटरच्या तासांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जुन्या धाटणीचा तासमीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, कमी फेऱ्यांवर इंजिन चाललं तर घड्याळाच्या एका तासाला मीटरचा पाऊण तासही भरत नाही. भांडणं यावरूनही झालेली आहेत. त्यामुळे पेरणीला एकरी दर आणि वाहतुकीला तासाचा दर, असे वेगवेगळे दर ठेवलेले बरे.

पाळी कशी लावायची? चिठ्ठ्या टाकून, हे सगळ्यांना सुचतं. पण चिठ्ठीत आठवा नंबर आलेल्याची पाचही एकर जमीन उरते आणि पहिल्याची पाचही उरकते. त्यापेक्षा पहिल्या फेरीत प्रत्येकाचे दोन-दोन एकर, दुसऱ्या फेरीत उरलेले, असं केलं तर पाऊस मध्येच आला तरी कुणाच्या हातात अगदीच काही नाही असं होत नाही. यंत्र जास्त हलवावं लागतं, डिझेल थोडं जास्त जातं. माझ्या मते ते डिझेल वाया गेलेलं नाही. दुसऱ्या वर्षी क्रम उलटा.

यापेक्षा चांगला उपाय गट बांधतानाच करता येतो आणि तो जमिनीत आहे. बरड, मुरमाड वावराला वाफसा आधी येतो, भारी काळ्या कसाच्या वावराला एक-दोन दिवस उशिरा. कुणी कपाशी लावतो, ती मजुरांकडून टोबून होते, यंत्राची वाट बघत नाही. एकाच गल्लीतले, एकाच नात्यातले, नाल्याकाठच्या सारख्याच काळ्या पट्टीत जमीन असलेले आठ जण एकत्र आले तर त्यांची सभा सुरळीत होते आणि पेरणी अडते. चौघे बरडीवरचे आणि चौघे खालच्या पट्टीतले असले तर तेच यंत्र चाराऐवजी पाच-सहा दिवस कामाला येतं. पंजाबातले हार्वेस्टरवाले हेच मोठ्या नकाशावर करतात. मध्य भारतातला गहू आधी पिकतो, त्यांच्या घरचा एप्रिलमध्ये. एकच यंत्र गव्हाच्या मागे मागे उत्तरेकडे सरकत जातं आणि एका हंगामात जितके दिवस घरी चाललं असतं त्याच्या कितीतरी पट चालतं.

म्हणूनच कोणतं यंत्र सामायिक घ्यायचं हेही सरसकट ठरत नाही. पलटी नांगर, सबसॉयलर, बियाणं निवडायची स्पायरल चाळणी, तुरीचं मळणीयंत्र यांना दोन आठवडे थांबता येतं; ती गटाची असावीत, डोळे झाकून. पेरणीयंत्राला थांबता येत नाही, सोयाबीनच्या सोंगणीनंतरच्या थ्रेशरलाही ऑक्टोबरात आभाळ असेल तर थांबता येत नाही. ती सामायिक घ्यायची तर सभासद मोजके. ज्याच्या घरी अजून बैलजोडी आणि तिफण आहे त्याने गटात गेल्याबरोबर तिफण अडगळीत टाकू नये. शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं तर उरलेलं एकर तिच्यावरच निघतं.

कागदावर नोंदणी कशी आहे तेही पाहावं लागतं. सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर कंपनी कायदा, आणि तिला किमान दहा उत्पादक लागतात. वैयक्तिक सभासदांच्या उत्पादक कंपनीत कुणाचे भाग कितीही असले तरी मत एकच असतं, लहान शेतकऱ्याला हे सोयीचं. पण तिचे भाग बाजारात विकता येत नाहीत. बाहेर पडायचं तर संचालक मंडळाच्या संमतीने दुसऱ्या क्रियाशील सभासदाला द्यावे लागतात. मुलीच्या लग्नात पैसे लागले, जमीन विकली, मुलगा पुण्याला गेला, यांपैकी काही झालं तर घातलेले पन्नास हजार किती दिवसांत आणि किती कापून परत मिळतात, हे पोटनियमात लिहिलेलं असायला हवं. अनुदानाचं यंत्र ठरावीक मुदतीआधी विकू नये अशी अट असते, त्यामुळे यंत्र विकून वाटा देणं गटाच्याही हातात नसतं. पोटनियमांची प्रत मागितली की “अहो काका, आपलेच लोक आहेत” असं उत्तर आलं तर प्रत मिळेपर्यंत सही करू नये. मागायला उन्हाळा बरा, तेव्हा ड्रायव्हर, अध्यक्ष आणि सचिव तिघेही मोकळे सापडतात.